अकरा मीटर

माझी शेवटची पोस्टिंग फौजेनं दिलेली नाही. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये चोवीस वर्षं काढून मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, दोन वर्षं जतला घरी बसलो आणि मग कतारला आलो. त्याला आता सहा वर्षं झाली. उत्तरेच्या किनाऱ्यावर अल खोर नावाचं गाव आहे, तिथं राहतो. एका सर्व्हे कंपनीत सेफ्टी सुपरवायझर आहे. ०४३० ला गाड्या तपासायच्या. ०५०० ला माणसं मोजून बसमध्ये चढवायची. साइटवर बूट-हेल्मेट बघायचं, उन्हाळ्यात तासातासाला प्रत्येकाला पाणी पाजायचं, आणि संध्याकाळी मोजून तितकीच माणसं परत आणायची. हे काम मला जमतं.

जमत नव्हता तो शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस. खोलीतला पार्टनर केरळचा, नाइट शिफ्टचा. मी उठतो तेव्हा तो येतो. गार्ड बदलावी तशी आमची भेट. सुट्टीच्या दिवशी तो झोपून असायचा आणि मी आवाज न करता कपडे धुवायचो, इस्त्री करायचो, बूट पॉलिश करायचो. ०९०० पर्यंत सगळं उरकायचं. मग संध्याकाळपर्यंत काय करायचं, याची कुठली ऑर्डर नव्हती. घरी फोन लावला की माझी बायको सुनंदा विचारायची, "जेवलात का?" मी म्हणायचो, "हो." ती म्हणायची, "बरं. ठेवू?" मी म्हणायचो, "ठेव." असं पाच वर्षं चाललं.

मग लुक आला. तो बेल्जियमचा. त्या देशातल्या फ्लँडर्स भागात, समुद्राजवळच्या एका खेड्यात त्याचं घर. कंपनीचा सीनियर सर्व्हेअर, वय चौसष्ट, उंच आणि थोडा वाकलेला. बायको वारलेली. एका मोठ्या व्हिलात एकटाच राहायचा. त्याला शुक्रवारी वाळवंटात फिरायचं होतं, आणि कंपनीचा नियम असा की रस्ता सोडून गाडी न्यायची तर दोन माणसं पाहिजेत. दुसरं माणूस मिळेना. ऑफिसनं माझं नाव घातलं.

मला वाटलं ड्यूटी आहे. ०५३० ला मी कंपनीचा युनिफॉर्म घालून पिकअपपाशी उभा राहिलो. लुक आला तो दोन हातांत करक, म्हणजे इथल्या दुधाच्या कडक चहाचे दोन कागदी कप घेऊन.

"गुड मॉर्निंग, सर."

"आज सर कोणी नाही," तो म्हणाला. "मी लुक. चहा घे."

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. माझं मोडकं, त्याचंही फार काही सरळ नाही. इथं मराठीत लिहितो.

त्याच्या मुलखात शेतांच्या बांधांवरून आणि कालव्यांच्या कडेनं लाकडी खांब रोवलेले आहेत. प्रत्येकावर नंबर. लोक रविवारी एका नंबरपासून दुसऱ्या नंबरपर्यंत चालतात. वाटेत जुनं चर्च, पवनचक्की, पक्षी, जे असेल ते थांबून बघतात, आणि शेवटी तिथल्याच एखाद्या खाणावळीत बसून तिथलंच काहीतरी खातात. लुक आणि त्याची बायको तेहतीस वर्षं असं चालले. कतारमध्ये असे खांब नव्हते, म्हणून त्यानं एक वही केली आणि स्वतःच नंबर द्यायला लागला.

नंबर एक अल थखिराचं कांदळवन. मी दुष्काळी तालुक्यातला माणूस. खाऱ्या पाण्यात उभी राहिलेली हिरवीगार झाडं मी पहिल्यांदा बघितली. ओहोटीच्या चिखलात फ्लेमिंगो एका पायावर उभे होते. नंबर दोन अल जसासियाचे खडक. त्यांच्यावर कोणी तरी कधी काळी वल्ह्यांसकट होड्या कोरल्यात, आणि शेजारी लहान लहान खळग्यांच्या दुहेरी ओळी. लुक म्हणाला, हे कशासाठी ते नक्की कोणाला ठाऊक नाही. मी म्हणालो, आमच्याकडं शेरडं राखताना पोरं दगडावर अशाच खळग्यांत चिंचोके टाकून खेळायची. त्यानं ते लगेच वहीत लिहिलं, माझ्या नावासकट.

फिरून झालं की खायचं. अल खोरच्या बंदरावर भात आणि हामूर मासा. एकदा दोह्याच्या सूक वाकिफ बाजारात एका बुरखेवाल्या आजीच्या पुढ्यात बसून रगाग. लोखंडी तव्यावर हातानं पीठ पुसून काढलेली, कागदासारखी पातळ भाकरी. एकदा हरीस, म्हणजे गहू आणि मटण घोटून घोटून केलेली खीरच म्हणा, फक्त मिठाची. एकदा बलालीत. गोड शेवया आणि त्यांच्यावर अंड्याचं आम्लेट. हे मी घरी सांगितलं तेव्हा सुनंदा फोनवर मोठ्यानं हसली. "गोड शेवयांवर आम्लेट? आणि तुम्ही खाल्लं?" त्या दिवशी फोन वीस मिनिटं चालला. पुढच्या शुक्रवारपासून ती आधीच विचारायला लागली, "आज काय खाल्लं?"

लुक दरवेळी मला विचारायचा, "तुमच्याकडं याच्या जागी काय?" मी हुलग्याचं माडगं सांगितलं, बाजरीची भाकरी सांगितली. तो त्याच्या घरचं सांगायचा. पण एक गोष्ट त्यानं चौथ्या शुक्रवारपर्यंत विचारली नव्हती.

"शेलार, तू वाळूत पाय का ठेवत नाहीस?"

ते खरं होतं. मी गाडीतून उतरायचो, पण चाकोरी सोडायचो नाही. खडक असेल तर चढायचो. मोकळी वाळू आली की थांबायचो.

"सवय," मी म्हणालो.

"कसली?"

तुम्ही फौजी नसाल, म्हणून जरा उलगडून सांगतो. माझी सर्व्हिस आठ-नऊ वर्षांची असताना सीमेवर तणाव वाढला आणि राजस्थानच्या बाजूला मैलोन्‌मैल भूसुरुंग पेरले गेले. तणाव निवळल्यावर ते काढायचं काम आमचं. पेरताना नकाशा करतात, पण वाळू नकाशा मानत नाही. टेकडी सरकते, तिच्याबरोबर सुरुंग सरकतो. म्हणून पोटावर झोपून, प्रॉडर नावाची सळई तिरपी धरून, बोटाबोटानं जमीन टोचत पुढं जायचं. टोचून झालेल्या पट्टीला लेन म्हणतात. तिच्या दोन्ही कडांना पांढरी टेप. टेपच्या बाहेर पाय टाकायचा नाही. हे मी चौदा महिने केलं.

लुकला इतकंच सांगितलं. त्या कामात आमच्या सेक्शनचं एक माणूस गेलं होतं. त्याचं नाव मी घेतलं नाही.

लुकनं वही मिटली. मग म्हणाला, "आमच्या शेतात अजून निघतात." शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या महायुद्धातले तोफगोळे. नांगराला लागतात. त्याचे वडील ते उचलून रस्त्याकडेच्या विजेच्या खांबापाशी ठेवायचे, मग फौजेची गाडी येऊन घेऊन जायची. पोरांना नियम एकच होता. लोखंड दिसलं की आहेस तिथं थांब आणि हाक मार.

"माझा चुलत भाऊ थांबला नाही," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आमच्या गावाजवळ तुमच्याकडच्या सैनिकांचीही थडगी आहेत. लहान असताना मी त्यांवरची नावं वाचायचो. एकही नीट उच्चारता यायचं नाही."

त्यानंतर त्यानं मला वाळूत ये असं कधी म्हटलं नाही. तो वाळूतून चालायचा, मी चाकोरीवरून. मध्ये वीस-तीस मीटरचं अंतर. तेवढ्या अंतरावरून आम्ही मोठ्यानं बोलत चालायचो. लांबून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं भांडतायत. खरं तर आठवड्यातलं माझं सगळ्यात जास्त बोलणं तेवढंच.

सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार. नंबर नऊ, वायव्य किनाऱ्यावरचं एक ओसाड गाव. ०६५० ला पोचलो. मासेमारी करणारे लोक तिथं राहायचे, पन्नासएक वर्षांपूर्वी उठून गेले. चुन्या-दगडाच्या पडक्या भिंती, एक मशिदीचा मनोरा, पलीकडं समुद्र. वारा अजिबात नव्हता. हवा ओली, अंगावर घोंगडं टाकल्यासारखी. लुक भिंती बघत आत गेला. मी गाडीपाशी थांबलो.

०७१५ ला त्याची हाक आली.

"शेलार!"

"बोल."

"पायाखाली लोखंड आहे. गोल."

तो दोन घरांच्या मधल्या मोकळ्या वाळूत उभा होता. माझ्यापासून चौदा मीटर. डाव्या बुटापाशी वाळूतून गंजलेली कड वर आली होती. फूटभर व्यासाची असावी.

"हॉल्ट! हलू नको. पाय उचलू नको."

"नाही हलत," लुक म्हणाला. तो खरोखरच हलला नाही. त्यालाही लहानपणापासून तेच शिकवलेलं होतं.

कतारच्या त्या किनाऱ्यावर कोणी सुरुंग पेरलेले नाहीत, हे मला माहीत होतं. आज लिहिताना माहीत आहे आणि तेव्हाही माहीत होतं. पण मला ती कड दिसली आणि ए.टी. माइन दिसला, रणगाड्यासाठी असतो तो. तो माणसाच्या वजनानं फुटत नाही. पण त्याच्या भोवती ए.पी. पेरतात, माणसांसाठीचे, छोटे. म्हणून धावत जायचं नाही. टोचत जायचं. मी टूलबॉक्समधला मोठा स्क्रूड्रायव्हर काढला, गाडीच्या पुढं पोटावर झोपलो आणि लेन सुरू केली.

०७२० ला सुरुवात. तिरपी सळई, दाब, काढ. दोन बोटं पुढं. तिरपी, दाब, काढ. घामानं डोळे चुरचुरत होते.  किती वर्षांनी असा पोटावर झोपलो होतो, पण हाताला सगळं आठवत होतं.

"पाणी आहे?" मी विचारलं.

"बाटली गाडीत राहिली."

"फेकू?"

"नको. लागेल कुठं तरी." म्हणजे जमिनीला. तोही माझ्यासारखाच विचार करत होता.

"बोलत राहा," मी म्हणालो. "काहीही बोल. मला ऐकू आलं पाहिजे."

"काय बोलू?"

"तुमच्याकडं काय खातात ते सांग."

तो सांगायला लागला. समुद्रातली बारीक करडी कोळंबी, ती घोड्यावर बसून जाळ्यानं धरतात. काळ्या बिअरमध्ये तीन तास शिजवलेलं गोमांस. तळलेले बटाटे, दोनदा तळायचे, एकदा नाही. अंधारात वाढवलेली पांढरी कडू भाजी, हॅममध्ये गुंडाळून वर चीज. आईच्या हातचे ताकात कुस्करलेले बटाटे. मी "हां, पुढं" म्हणत टोचत होतो. चार मीटर झाले. सहा झाले. मी उन्हात माणसांना दर तासाला पाणी पाजणारा माणूस, आणि चौसष्ट वर्षांचं माणूस उघड्यावर उभं आहे हे मला दिसत होतं. तरी माझं सगळं लक्ष सळईच्या टोकावर होतं.

०७५८ ला तो कोळंबीचं पुन्हा सांगायला लागला. मग बटाट्यांचं पुन्हा. मग त्याचं इंग्रजी सुटलं आणि तो त्याच्या भाषेत बोलायला लागला. हळू, एकाच सुरात. मी वर बघितलं. चेहरा लाल, आणि घाम थांबलेला. कोरडा.

"लुक!"

तो भानावर आला. इंग्रजीत विचारलं, "किती राहिलं?"

"सहा मीटर," मी म्हणालो.

आणि माझा मलाच आवाज ऐकू आला.

आता ते नाव सांगतो. नाईक अंकुश वाघमोडे, माळशिरस तालुका. तेव्हा मीही नाईक होतो. राजस्थानात एका सकाळी ०९४० ला, लेनच्या टोकाला, सरकलेल्या ए.पी.वर त्याचा पाय पडला. स्फोटानं तो लेनच्या बाहेर फेकला गेला आणि टेकडीच्या उतारावरून घरंगळला. टेपपासून अकरा मीटर. जिवंत होता, शुद्धीवर होता. सगळ्यात जवळ मी होतो. सुभेदार साहेब मागून ओरडले, "कोणी पळायचं नाही! शेलार, लेन काढ!" मी आडवा झालो आणि टोचायला लागलो. अंकुशनं स्वतःच पट्टा काढून मांडीला आवळला. मग तो मला विचारायला लागला.

"किती ऱ्हायलं रं?"

"नऊ."

थोड्या वेळानं परत. "किती ऱ्हायलं?"

"सहा मीटर. थांब, आलोच."

"गडबड करू नगंस. नीट ये."

१०३० नंतर त्यानं विचारलं नाही. मी १०४५ ला पोचलो. ड्रिल अगदी बरोबर होतं. नंतरच्या चौकशीत कोर्ट ऑफ इन्क्वायरीनं तेच लिहिलं. त्या अकरा मीटरमध्ये एकही सुरुंग निघाला नाही. हे मात्र कोर्टानं मला विचारलं नाही, आणि मी कोणाला सांगितलं नाही. सुनंदालाही नाही.

लुकचे गुडघे वाकले आणि तो कोसळला, तोंड वाळूत. मी स्क्रूड्रायव्हर टाकला आणि पळालो. सहा मीटर. चार-पाच ढांगा. पायाखाली वाळू होती, नुसती वाळू. त्याला उलटं केलं, खांद्यावर घेतलं आणि सरळ गाडीकडं निघालो. काढलेल्या लेनकडं बघितलंसुद्धा नाही.

एसी सुरू केला, त्याचा शर्ट फाडला, होतं तेवढं पाणी अंगावर ओतलं आणि अँब्युलन्सला फोन लावला. फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, "निघाली आहे. त्यांना थंड ठेवा." तेवढ्यात मागून एक पांढरी लँड क्रूझर आली. तिच्यातून एक कतारी म्हातारे उतरले, सत्तरीच्या पुढचे, हातात काठी. त्यांचं नाव अबू राशिद. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी जन्मभर संबंध आल्यामुळं त्यांना हिंदी येत होतं.

"क्या हुआ?"

"गर्मी लगी है. बर्फ है?"

"है, है." त्यांच्या गाडीत मासे घालून आणलेली बर्फाची पेटी होती. त्यांनी मासे सरळ वाळूत ओतले आणि पेटी माझ्यापुढं ठेवली. आम्ही दोघांनी लुकच्या काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावला. गाडीभर माशांचा वास. दहा मिनिटांनी लुकनं डोळे उघडले. त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, मग उलटी केली. अँब्युलन्स ०८३५ ला आली. तिच्यातल्या मुलांनी लुकला सलाइन लावलं आणि एक जण मला म्हणाला, "बर्फ लावलात ते बरं केलंत."

अँब्युलन्स वळत होती तेव्हा मला दिसलं की अबू राशिद त्या घरांच्या मध्ये गेलेत आणि काठीनं वाळू उकरतायत. मी ओरडलो, "मत छूना!" त्यांनी माझ्याकडं आश्चर्यानं बघितलं, वाकले आणि ती गोल वस्तू दोन्ही हातांनी उपसून काढली.

"तावा है," ते म्हणाले. "रगाग का तावा." त्यांनी तो झटकला. मधे फुगीर, कडेला गंजून खाल्लेला. "ये मेरे चाचा का घर था. उधर हमारा." मग माझ्या शर्टाकडं बघितलं. छातीपासून गुडघ्यापर्यंत वाळू. वाळूत काढलेल्या आठ मीटरच्या पट्टीकडं बघितलं.  "यल्ला," म्हणाले, "दोस्त के पास जाओ."

लुक तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो, स्टूलवर बसलो आणि म्हणालो, "मी तुला उन्हात उभं केलं."

"मी उभा राहिलो."

"तवा होता तो."

"हो. ते म्हातारे येऊन गेले. रगाग आणलं होतं, फॉइलमध्ये." तो थोडा हसला. मग म्हणाला, "पडायच्या आधी मी तुझ्याकडं बघत होतो. तू माझ्याकडं येत नव्हतास, शेलार. तू दुसऱ्याच कोणाकडं तरी जात होतास."

तेव्हा मी त्याला अंकुशचं सांगितलं. सगळं. अकरा मीटर आणि त्यात काही निघालं नाही तेही. इंग्रजी मधेमधे अडत होतं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"त्याच्या घरच्यांना माहीत आहे?"

"रेजिमेंटनं कळवलं होतं."

"तू?"

  नर्सनं वेळ संपली म्हणून सांगितलं, मी उठलो.

डिसेंबरमध्ये लुकचा कॉन्ट्रॅक्ट संपला. मी त्याला एअरपोर्टवर सोडायला गेलो. अल थुमामापाशी ट्रॅफिक होता, त्यामुळं बोलायला वेळ मिळाला, पण आम्ही फारसं बोललो नाही. उतरताना त्यानं हात धरला आणि नुसता दाबला. परत येताना शेजारची सीट रिकामी होती, आणि अल खोर एवढं लांब मला कधीच वाटलं नव्हतं.

आता शुक्रवारी मी एकटाच निघतो. रस्ता जिथवर जातो तिथवरच, कारण नियम दोन माणसांचा आहे. गाडी उभी करतो आणि बूट घालून वाळूत चालतो. सुरुवातीला दहा पावलं. मग पन्नास. जानेवारीत एकदा समुद्रापर्यंत गेलो. तिथं कोणी बोलायला नव्हतं. लाटा, एक बगळा, आणि मागं वळून बघितलं तर माझ्या एकट्याच्या पावलांची ओळ.

अंकुशच्या बायकोचा नंबर माझ्याकडं चार वर्षं होता. एका रिटायर्ड सुभेदारांनी दिला होता. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी ०८०० ला, अल खोरच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, बाकावर बसून, मी तो लावला. तिकडं साडेदहा वाजले होते.

"हॅलो?"

"शालनवहिनी का? मी मधुकर शेलार बोलतोय. अंकुशच्या सेक्शनमधला."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग कोणीतरी गॅस बंद केला.

"बोला, भाऊजी," ती म्हणाली.

मी सांगायला लागलो. रिपोर्ट द्यावा तसं. वेळ, अंतर, कोण कुठं होतं. मला दुसऱ्या रीतीनं येत नाही. लेन रिकामी होती हेही सांगितलं. "मी पळालो असतो तर दहा सेकंदांत पोचलो असतो, वहिनी. मी पळालो नाही."

 मी फोन कानाला घट्ट धरून ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घ्यायची तयारी होती.

"म्हंजी ते बोलत हुते," ती म्हणाली.

"हो. पन्नास मिनिटं."

"तुमच्यासंगट."

"हो."

"मला कुणी सांगितलंच न्हाई वो. पत्रात लिवलं हुतं, जागीच वीरमरण. मी आजपातुर समजून चालले की तिकडं वाळूत एकटंच गेलं म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "एकटं नव्हतं तर."

"नाही, वहिनी. एकटा नव्हता."

मग तिनं विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं त्यांनी? मी म्हणालो, पुरी आणि बटाट्याची भाजी. भाजी खारट झाली होती आणि त्यावरून अंकुशनं लंगरच्या कुकला बरंच सुनावलं होतं. ती रडता रडता हसली. "मिठाचं त्यांचं तसंच हुतं."

मागून एका मुलीचा आवाज आला, "कोण आहे गं आई?" शालनवहिनीनं सांगितलं. फोन त्या मुलीच्या हातात गेला. ती अश्विनी. अंकुश गेला तेव्हा आठ महिन्यांची होती. आता अकलूजला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"काका, एक विचारू?"

"विचार, बाळा."

"बाबांचा आवाज कसा होता? आमच्याकडं फोटो आहेत, आवाज नाही कुठंच."

मी विचार केला. म्हणालो, जाडसर होता. वाक्याच्या शेवटी वर जायचा. आम्ही काम संपवून लेनमधून बाहेर पडायचो तेव्हा प्रत्येकाला नाव आणि "बाहेर" असं ओरडून सांगावं लागायचं, म्हणजे आत कोणी राहिलं नाही हे कळतं. तुझ्या बाबांची हाक दोन लेन पलीकडं ऐकू जायची.

"कशी?"

सकाळची वेळ. पोरांना घेऊन आलेली दोन-तीन कुटुंबं, सायकलवरचा एक माणूस. मी बाकावरून उठलो, समुद्राकडं तोंड केलं आणि अंकुश ओरडायचा तसा, छातीच्या तळापासून ओरडलो.

"वाघमोडे, बाहेर!"

सायकलवाल्यानं ब्रेक लावून माझ्याकडं बघितलं.  मग अश्विनी म्हणाली, "काका, अजून एकदा."